हाताने काढलेल्या वास्तुरेखाटनांचे प्रिंट: आधी आकार ठरवा, मग कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एक वास्तुविशारद नोकरी सांभाळून रात्री ए-४ ट्रेसिंगवर कल्पनेतल्या इमारती काढतात: कुठेच न पोचणारे जिने, एकमेकांत घुसलेले सेक्शन (इमारत उभी कापून दाखवलेले छेद), दाट हॅचिंग (जवळजवळच्या रेघांनी दिलेली सावली). ओळखीच्या लोकांना ही चित्रं भिंतीवर हवी आहेत. म्हणून त्यांनी घरच्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून नेहमीच्या प्लॉटरवाल्याकडून एका चित्राची ए-१ प्रत काढून आणली. रेघा जाड, करड्या आणि निर्जीव दिसल्या. त्यांनी विचारलंय की स्कॅन किती डीपीआयला करायचा, कागद कोणता घ्यायचा आणि प्रती किती काढायच्या. जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की यातली काही चित्रं ऑफिसच्या शीटवर सुरू झाली होती. त्या वाक्याकडे मी शेवटी येते.

मी वास्तुशास्त्र शिकले, पण आता बरीच वर्षं पुण्यात रेखाटनांचे प्रिंट काढून देण्याचं काम करते. तुमचे तिन्ही प्रश्न योग्य आहेत, पण तुमची अडचण त्यांच्याही आधी सुरू झाली आहे. ए-४ चं चित्र ए-१ केलं की ते लांबीला आणि रुंदीला २.८ पट होतं. म्हणजे ०.२५ मिलिमीटरची रेघ ०.७ ची झाली. सेक्शनमध्ये कापलेल्या भिंतीला आपण जी जाडी देतो, ती ही. मागे दूरवर दिसणारी पायरी तुम्ही हलक्या हाताने काढली होती. ती आता कापलेल्या भिंतीच्या जाडीने समोर उभी राहिली आहे. कागद कितीही उंची घेतलात तरी हे सुधारणार नाही. म्हणून पहिला निर्णय आकाराचा.

रोट्रिंग, म्हणजे ठरावीक जाडीची रेघ देणारी नकाशाची पेनं, वापरलेल्यांना त्यांची मिलिमीटरमधली मालिका पाठ असते: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट आहे, आणि ए-४ वरून ए-३, ए-३ वरून ए-२ हे कागदही प्रत्येक पायरीला तेवढ्याच पटीने वाढतात. हे मुद्दाम जुळवलेलं आहे. नकाशा एक आकार मोठा किंवा लहान केला की त्यातली रेघ बरोबर पुढच्या किंवा मागच्या पेनावर जाऊन बसावी आणि त्याच प्रतीवर हाताने दुरुस्ती करता यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याला त्याचा उपयोग उलटा करता येतो. चित्र एक पायरी मोठं करायचं असेल तर सगळी पेनं मनातल्या मनात एकेक क्रमांक पुढे सरकवा आणि स्वतःला विचारा, हे चित्र मी या पेनांनी काढलं असतं का? दोन पायऱ्यांसाठी दोन क्रमांक. तुम्ही तीन पायऱ्या गेलात.

एक गोष्ट तपासून घ्या. तुम्ही मायक्रॉनची बारीक टोकाची शाईची पेनं वापरत असाल तर त्यांच्यावरचे आकडे मिलिमीटर नाहीत. ००५ ची रेघ ०.२० ची असते, ०१ ची ०.२५ ची आणि ०५ ची ०.४५ ची. ‘माझी सगळ्यात बारीक रेघ ०.१ ची आहे’ असं मला सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात हे ०१ चं पेन असतं.

आता हॅचिंग. अमूर्त वास्तुचित्रांचा प्राण त्यातच असतो, म्हणून इथे थोडं थांबते. साधारण चांगल्या नजरेच्या माणसाला ३० सेंटिमीटरवरून एकमेकींपासून ०.०९ मिलिमीटरवर असलेल्या दोन रेघाही वेगळ्या दिसू शकतात. तोच माणूस दोन मीटरवर गेला की हे अंतर जवळजवळ ०.६ मिलिमीटर लागतं. त्याहून जवळच्या रेघा मिसळून सलग करडी छटा होते. टेबलावर वाकून तुम्ही अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने हॅचिंग केलंत. ते ए-४ वरच राहिलं आणि दिवाणखान्यात सोफ्यामागे लागलं, तर समोरच्या खुर्चीतून ती निव्वळ छटा आहे. तेच ए-१ ला नेलंत तर रेघांमधलं अंतर १.४ मिलिमीटर होतं, दोन मीटरवरूनही प्रत्येक रेघ सुटी दिसते, आणि ज्या भिंतीला तुम्ही सावली दिली होती ती गजांच्या खिडकीसारखी दिसायला लागते. यातलं चूक-बरोबर चित्रावर अवलंबून आहे. काही चित्रं हॅचिंग सुटं झाल्यावर खुलतात. पण जिथे खोलीचा सगळा भास दाट सावलीवर उभा आहे, तिथे छटा फुटली की चित्र सपाट होतं. तुमच्या वर्णनावरून तुमची चित्रं या दुसऱ्या प्रकारची वाटतात.

त्यामुळे माझा सल्ला असा: ए-४ चित्राचे प्रिंट ए-३ ला काढा, फार तर ए-२ ला. लहान प्रिंट भिंतीवर हरवेल ही भीती अनेकांना असते. भोवती रुंद माउंट, म्हणजे फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची कड, द्या आणि माणूस सहज जवळ जाऊ शकेल अशा जागी लावा, म्हणजे पॅसेजमध्ये, अभ्यासाच्या टेबलाशेजारी, जिन्याच्या वळणावर. चित्रकार नसरीन मोहमदींची अमूर्त रेखाचित्रं आठवा. १९७२ पासून त्या बडोद्याला शिकवत होत्या, नकाशे काढायचीच उपकरणं वापरायच्या, आणि त्यांची कितीतरी चित्रं आकाराने लहान आहेत. लांबून ती जवळपास कोरी वाटतात. दोन पावलं पुढे गेल्यावर रेघांची घनता आणि त्यांच्यातली उघडझाप दिसायला लागते. बघणाऱ्याला जवळ ओढणं हाही त्या चित्रांच्या रचनेचाच भाग आहे.

ए-१ हवंच असेल, तर ते चित्र ए-२ ट्रेसिंगवर पुन्हा काढा. हे कष्टाचं आहे, मला कल्पना आहे. पण प्रिंट डोळ्यांसमोर ठेवून रेघ ठरवणं ही या प्रकारातली जुनी रीत आहे. अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार पिरानेसीचे काल्पनिक तुरुंग, म्हणजे ‘कार्चेरी’, हे तुमच्या जिन्यांचे थेट पूर्वज. ते त्याने रोममध्ये १७५० च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यांवर, एचिंगसाठीच (पत्र्यावर आम्लाने रेघ कोरून छापण्यासाठी) काढले. पत्र्याची लांब बाजू साधारण अर्धा मीटर. पहिल्या संचात १४ चित्रं होती. १७६१ मध्ये त्याने तेच पत्रे पुन्हा हाती घेतले, जिने आणि तुळया वाढवल्या, सावल्या गडद केल्या आणि दोन नवी चित्रं घातली. चित्र तेच ठेवून रेघेचं वजन बदललं की जागा किती बदलते, हे बघायचं असेल तर ते दोन संच शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्या जवळचं उदाहरण मुद्राचित्रकार झरिना हाश्मींचं. १९९९ च्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या ३६ वुडकटच्या (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेत घराचा नकाशा, उंबरठा, दार, अंगण अगदी मोजक्या रेघांत येतात. लाकडात कोरायची रेघ म्हणून ती ठाम आणि जाड आहे, आणि तेवढ्याच आकारात ती शोभते.

आकार ठरला की स्कॅनचं उत्तर गणितानेच निघतं. तुमचा ३०० डीपीआयचा स्कॅन ए-१ ला ताणल्यावर इंचाला जेमतेम १०६ ठिपके उरले. ०.२ ची रेघ मुळात अडीच पिक्सेलसुद्धा नव्हती. तिच्या दोन्ही कडा करड्या पिक्सेलच्या होत्या आणि मोठं करताना तो करडेपणाही मोठा झाला. ए-४ चित्र १२०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत), सोळा बिटला, म्हणजे जास्तीत जास्त छटा टिपून, स्कॅन करा. फाइल पावणेतीनशे एमबीच्या आसपास जाईल, जाऊ द्या. टिफ म्हणून साठवा. जेपेग केलं की प्रत्येक काळ्या रेघेभोवती बारीक धूळ उडाल्यासारखी दिसते आणि मोठ्या प्रिंटवर ती लपत नाही. असा स्कॅन ए-२ ला छापला तरी इंचाला ६०० ठिपके मिळतात आणि रेघेची कड नीट राहते.

काळा-पांढरा, म्हणजे एक बिटचा स्कॅन करू नका. नकाशासाठी तो चालतो, पण चित्रातला हात त्यात मरतो: शाई संपत आल्यावर फिकी पडलेली रेघ, पेन टेकवताना आलेला किंचित जाड ठिपका, सेटस्क्वेअर सरकल्याची खूण. ऑटो-ट्रेस करून व्हेक्टर बनवण्याच्याही मी विरोधात आहे. प्रिंटवाले ते सुचवतात, कारण मग आकाराचं बंधन राहत नाही. पण त्यातून निघणाऱ्या रेघा एकसारख्या गुळगुळीत होतात, कोपरे गोल होतात, आणि संगणकावर काढलेल्या चित्रापेक्षा त्या वेगळ्या दिसत नाहीत. लोक पैसे देतात ते हाताच्या रेघेसाठी.

ट्रेसिंगची एक खोड आहे. ते हवेतला ओलावा ओढतं आणि लहरतं, पावसाळ्यात तर हमखास. पातळ, स्वस्त स्कॅनरमधला सेन्सर काचेला चिकटलेल्या भागापुरताच स्पष्ट बघतो. कागद एखादा मिलिमीटर उचलला गेला की तिथली रेघ धूसर होते. जुन्या धाटणीचे जाड, सीसीडी सेन्सरचे स्कॅनर या बाबतीत पुष्कळ बरे. चित्र आदल्या दिवसापासून कोरड्या खोलीत जाड पुस्तकांखाली ठेवा, स्कॅन करताना मागे स्वच्छ पांढरा कागद लावा आणि झाकणावर हलका दाब द्या. पुढेमागे ए-२ वर काढलंत तर ते तुकड्यांत स्कॅन करून जोडायच्या फंदात पडू नका. निसर्गचित्रात सांधा लपतो. तीस सेंटिमीटरच्या सरळ रेघेत केसाएवढा फरकसुद्धा डोळ्यांना टोचतो. मोठा स्कॅनर असलेल्याकडून करून घ्या.

फाइल साफ करताना पार्श्वभूमी कागदाच्या पांढऱ्यापर्यंत न्या आणि रेघ काळ्यापर्यंत, पण कर्व्ह (उजेड-काळोख बदलायची सोय) हळू ओढा. जास्त ओढलं की बारीक रेघा तुटतात आणि हॅचिंगचे कोपरे भरून येतात. ट्रेसिंगचा पिवळट-निळसर रंग मी काढून टाकते. प्रिंटच्या कागदावर तो डागासारखा दिसतो. ब्लेडच्या खुणांचं मात्र चित्रकाराला विचारून ठरवते. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडने खरवडली की तिथला कागद खडबडीत होतो आणि त्यावर पुन्हा ओढलेल्या रेघेची शाई थोडी फुटते. स्कॅनमध्ये जिन्याच्या एखाद्या पायरीवर असा किंचित केसाळ तुकडा दिसतो. माझा कल तो ठेवण्याकडे असतो. धुळीचे कण आणि बोटांचे ठसे मात्र काढाच.

छापायच्या मला पटलेल्या दोन पद्धती आहेत. पहिली पिगमेंट शाईची इंकजेट, जिला गॅलऱ्या जिक्ले म्हणतात. प्लॉटरवाल्याचं मशीन आणि हे मशीन बाहेरून सारखंच वाटतं, पण याच्यात काळ्यासोबत दोन-तीन करड्या शाया स्वतंत्र असतात, त्यामुळे बारीक रेघ रंगीत ठिपक्यांतून जुळवावी लागत नाही. ऑर्डर देताना दोन गोष्टी सांगा: मॅट कागदासाठी मॅट काळी शाई हवी, आणि फाइल कृष्णधवल मोडमध्ये छापायची. ‘काळा’ रंग निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून बनवला गेला, तर रेघेच्या कडेला सूक्ष्म रंगछटा दिसते.

दुसरी स्क्रीन प्रिंटिंग, आणि शाईच्या रेघांच्या चित्रांसाठी ती मला सगळ्यात जवळची आहे. इथे ठिपके नसतातच. सलग काळी शाई कागदावर बसते, बोटाला तिचा अगदी किंचित उंचवटा लागतो, आणि काळ्याची अशी खोली इंकजेटला येत नाही. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीनवाले आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत, पण त्यांची नेहमीची जाळी या कामाला भरड पडते. सेंटिमीटरला १२० किंवा त्याहून जास्त धाग्यांची जाळी लागते, पॉझिटिव्ह (जाळीवर चित्र उतरवायची पारदर्शक प्रत) चांगल्या फिल्मवर काढावी लागते, आणि जाळीला उजेड देण्याची, म्हणजे एक्स्पोजची वेळ दोन-तीन तुकड्यांवर तपासावी लागते. ०.२५ च्या खालची रेघ मी स्क्रीनवर धरत नाही, ती मध्येमध्ये तुटते. तुमची ०.२ ची रेघ ए-३ ला ०.२८ होते, म्हणजे जमण्यासारखं आहे. पेन्सिलच्या, छटांच्या चित्रांना मात्र इंकजेटच.

कागदाचं उत्तर आता सोपं आहे. बारीक रेघेला गुळगुळीत कागद. शंभर टक्के कापसाचा, तीनशे जीएसएमच्या आसपासचा मॅट कागद घ्या. हानेम्युलेचा फोटो रॅग ३०८ सहज मिळतो आणि भरवशाचा आहे. त्याच कंपनीचा जर्मन एचिंग हातात घेतला की मोह पडतो, पण त्याच्या खरखरीत पोतावर बारीक रेघ किंचित अडखळते. ठळक रेघांच्या चित्राला तो छान दिसतो, तुमच्या हॅचिंगला नाही. झगझगीत पांढऱ्या कागदांत बहुतेक वेळा चमक आणणारी रसायनं असतात. त्यांचा असर काही वर्षांत उतरतो आणि कागद पिवळट दिसतो. आपल्याकडचा हातकागद मला फार प्रिय आहे, पण इंकजेटसाठीचा थर त्यावर नसतो, त्यामुळे शाई फुटते. स्क्रीनसाठी त्यातला गुळगुळीत, घोटलेला कागद निवडून घ्या.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगते: बघणारा किती अंतरावर असेल ते ठरवा, त्यावरून आकार, आकारावरून रेघेची जाडी तपासा, मग स्कॅन, मग पद्धत, मग कागद. आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी पट्टी काढा. सगळ्यात दाट हॅचिंग आणि सगळ्यात हलकी रेघ दोन्ही येतील असा दहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा प्रत्यक्ष मापात, दोन कागदांवर छापून घ्या. मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि आठवडाभर येता-जाता बघा, दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटमध्ये. संगणकाच्या पडद्यावर १०० टक्के झूम करून हा निर्णय होत नाही. उलट मॉनिटरवर लहान केलेल्या हॅचिंगमध्ये नसलेल्या लहरी दिसतात आणि उगाच घाबरायला होतं.

प्रती किती काढायच्या, याला नियम नाही. नवीन चित्रकाराला मी वीस-पंचवीसच्या आसपास थांबायला सांगते, आणि त्याही एकदम छापून ठेवू नका. इंकजेटला लागतील तशा काढता येतात, फक्त कागद, शाई आणि फाइल तीच ठेवा. स्क्रीनची अख्खी आवृत्ती एका बैठकीत निघते. प्रत्येक प्रतीवर चित्राखाली डावीकडे पेन्सिलने क्रमांक, ७/२५ असा, आणि उजवीकडे सही. चित्रकाराच्या स्वतःच्या दोन-तीन प्रती वेगळ्या नोंदवा. २५ म्हटलं की २५. ए-३ च्या पंचवीस संपल्यावर तेच चित्र ए-२ मध्ये नव्या पंचवीस म्हणून आणायचं असेल, तर ते पहिल्याच दिवशी लिहून जाहीर करा. आधी घेतलेल्या माणसाचा विश्वास त्यावर टिकतो.

किमतीत बरेच जण फक्त छपाईचा खर्च धरतात. पट्ट्या, बाद झालेल्या प्रती, स्कॅन, साफसफाईचे तास, ट्यूब आणि कुरियर हे सगळं धरून मग तुमचा मोबदला वर चढवा. मूळ चित्र विकणार असाल तर त्याची किंमत प्रिंटच्या कितीतरी वर ठेवा.

आता ते ऑफिसच्या शीटचं. हे हलकं घेऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा हक्क सहसा काढणाऱ्याचा, तोही हयातभर आणि पुढे ६० वर्षं. पण नोकरीत असताना नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या रेखाटनाचा पहिला हक्कदार नोकरी देणारा मालकच ठरतो, वेगळा करार नसेल तर. तुमच्या रात्रीच्या चित्रांना याचा त्रास नसावा. पण एखादं चित्र ऑफिसच्या प्रत्यक्ष प्रकल्पाच्या सेक्शनवर बेतलेलं असेल, तर प्रिंट विकण्याआधी नेमणूकपत्र वाचा आणि साहेबांकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. तुमची स्वतःची बाजूही सांभाळा: मूळ चित्र विकलं म्हणून प्रिंट काढायचा हक्क घेणाऱ्याकडे जात नाही, तो लेखी दिला तरच जातो. पावतीवर तसं स्पष्ट लिहा.

शेवटचं, फ्रेम. चांगला प्रिंट खराब होतो तो बहुतेक वेळा फ्रेमवाल्याकडे. माउंट आम्लरहित मागा, प्रिंट काचेला टेकू देऊ नका, आणि चिकटपट्टीने चारही बाजूंनी चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावल्या की पुरे; कागदाला हवामानाप्रमाणे फुगायला-आकसायला जागा राहते. मागे नुसता हार्डबोर्ड असेल तर काही वर्षांत तपकिरी डाग उमटतात, म्हणून मध्ये आम्लरहित बोर्ड घाला. बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे लावूच नका. बुरशी आणि कसर दोन्ही कापसाच्या कागदावर तुटून पडतात. दुसऱ्या भिंतीवरही फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. विकताना या सूचनांची एक चिठ्ठी प्रिंटसोबत द्या.

तुमच्या सगळ्यात दाट चित्रात हॅचिंगच्या दोन रेघांमधलं अंतर किती आहे आणि पेनं नेमकी कोणती आहेत, हे मोजून इथेच लिहा. त्यावरून ए-३ की ए-२, आणि स्क्रीन जमेल का, हे मी नक्की सांगू शकेन.